हिरवळीचे गवत विहिरीस विचारून निवडावे

वसईच्या किनारपट्टीतील बागायतदार केळी, पानवेल, भाजीपाला व फुलझाडे यांविषयी सल्ला विचारावयास येतात, हा नित्याचा अनुभव आहे. अलीकडे मात्र त्यांच्या तोंडी एक नवा प्रश्न वारंवार ऐकू येतो : "वाडीतील मोकळ्या जागेवर हिरवळ करावयाची आहे, तर गवत कोणते लावावे?" अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या बाजूस पर्यटकांचा राबता वाढला आहे. लग्नसमारंभासाठी हिरवळीची मैदाने भाड्याने जातात. शेतीस जोड म्हणून कोणी हा उद्योग करू म्हणत असेल, तर त्यास नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु हिरवळ हेही एक पीकच आहे. जमीन, पाणी व ऊन यांचा हिशोब तिलाही चुकत नाही. ही गोष्ट विसरली जाते आणि तेथेच नुकसानीस आरंभ होतो.

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. समुद्रापासून फार दूर नसलेल्या एका वाडीत मालकाने ऐन श्रावणात गवताच्या तयार चादरी आणवून दहा गुंठे जागा मढवून घेतली. विक्रेत्याने विहीर पाहिली नाही, मालकानेही ती दाखविली नाही. दिवाळीपर्यंत हिरवळ दृष्ट लागण्याजोगी होती. माघात पात्यांचे शेंडे करपू लागले, म्हणून पाणी वाढविले. चैत्रात ठिकठिकाणी तांबूस चट्टे पडले, म्हणून पाणी आणखी वाढविले. वैशाखात गवत तर गेलेच; शिवाय ज्या विहिरीवर शेजारची केळी पोसली जात होती, तिचे पाणीही मचूळ लागू लागले. गवताचा पैसा एका वर्षात बुडाला. विहिरीची चव परत यावयास किती पावसाळे लागतील, हे त्या गृहस्थास कोणी सांगू शकले नाही.

श्रावणात कोकणातील कोणतेही गवत हिरवेच दिसते. त्याची खरी परीक्षा वैशाखात होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, किनाऱ्यावरील हिरवळीचे गवत विहिरीचे मे महिन्यातील पाणी पाहून निवडावे; ते रोपवाटिकेतील डोळ्यांस सुखविणाऱ्या रंगावरून निवडू नये.

वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांखाली गोडे पाणी कसे टिकून आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात जमिनीत मुरलेले गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर त्या पातळीखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी टिकते, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. याचाच अर्थ असा की, उपशाने वरची पातळी १ फुटाने कायमची उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर सरकण्यास वाट मिळते. आपल्या पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खोदून पावसाचे पाणी जिरविले, ते उगीच नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी जे आंदोलन केले, त्याच्या मुळाशीही हेच गोडे पाणी होते.

आता हिरवळीस पाणी किती लागते ते पाहू. कडक उन्हात गवत दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी घेते, म्हणजे दर चौरस मीटरला ५ लिटर. दहा गुंठे म्हणजे जवळजवळ १,००० चौरस मीटर. रोजचे पाणी ५,००० लिटर झाले. डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत हा आकडा ९ लाख लिटरांवर जातो. ग्रामीण भागात दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या हिशोबाने दहा गुंठ्यांची हिरवळ नव्वद माणसांचे पाणी पिते. हे वाचून कोणी हिरवळ करूच नये, असे मी म्हणत नाही. पण अंथरूण पाहून पाय पसरावे, तशी विहीर पाहून हिरवळ पसरावी. दहा गुंठ्यांऐवजी तीन गुंठे हिरवळ आणि उरलेल्या जागेत सावलीची झाडे, ही मांडणी पाहुण्यांनाही अधिक सुखावह होते.

विहीर पाहावयाची म्हणजे काय करावयाचे? मे महिन्याच्या उत्तरार्धात, नेहमीइतका उपसा झाल्यावर, स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना घ्यावा व माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत त्याची विद्युतवाहकता तपासून घ्यावी. ती ०.७५ डेसिसिमेन प्रतिमीटरच्या आत असेल, तर बहुतेक गवतांस ते पाणी चालते. ०.७५ ते २.२५ या दरम्यान असेल, तर निचरा चांगला हवा व गवतही विचारपूर्वक घ्यावे. २.२५ च्या वर असेल, तर क्षार सोसणारे गवत व उत्तम निचरा या दोहोंवाचून हिरवळीस हात घालू नये. डिसेंबरात तपासलेले पाणी सुखावणारा आकडा देते, पण तो आकडा उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही.

पाण्याचा निकाल लागल्यावर ऊन मोजावे. त्या जागेवर थेट ऊन किती तास पडते, हे घड्याळ लावून पाहावे. पाणी व ऊन या दोन उत्तरांवरून निवड बहुतेक आपोआप होते.

उघड्या, भरपूर उन्हाच्या जागेस आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, हे पहिल्या पसंतीचे गवत होय. तिचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. रोपवाटिकांत 'सिलेक्शन नंबर १' अशा नावाने मिळणारे बारीक पानाचे गवत हा हरळीचाच निवडक प्रकार आहे. हरळी ताण सोसते, मध्यम खारेपणा सोसते, तुडविल्यावर लवकर सावरते आणि पाण्याअभावी पिवळी पडली तरी पहिल्या सरीबरोबर पुन्हा फुटते. दररोज निदान सहा तास थेट ऊन मात्र तिला हवेच. झाडाखाली ती विरळ होत जाते. समारंभाच्या मैदानास हिच्यासारखे गवत नाही.

येथे शेतकऱ्याची शंका मी जाणतो. ज्या हरळीच्या काशा वेचता वेचता पिढ्या गेल्या, तीच पैसे देऊन लावावयाची काय? शंका रास्त आहे. म्हणून हरळीची हिरवळ केळीच्या वा भाजीच्या वाफ्यास लागून कधीही करू नये. मध्ये पक्की वाट ठेवावी, अथवा हातभर खोल चर खणून तो दर महिन्यास साफ करावा. कापलेले गवत ओले असता वाफ्यात टाकू नये. त्यातील एखादी कांडीही रुजते. एवढी शिस्त पाळणे शक्य नसेल, तर वाडीच्या मध्यभागी हरळी आणूच नये.

आंबा, जांभूळ वा नारळ यांच्या विरळ सावलीत रुंद पानाचे कार्पेट गवत चांगले येते. ॲक्सोनोपस कॉम्प्रेसस हे त्याचे शास्त्रीय नाव. कोकणची आम्लधर्मी माती व दमट हवा त्यास मानवते आणि पावसाळ्यातील ओल ते बऱ्यापैकी सोसते. परंतु त्यास उन्हाळ्यात ओलावा लागतो, तोही गोड्या पाण्याचा. खारेपणा त्यास सोसत नाही. जेथे सावली आहे पण विहीर मचूळ आहे, तेथे गवताचा हट्ट सोडून सुकलेल्या पानांचे आच्छादन घालावे.

'मेक्सिकन कार्पेट', 'कोरियन गवत' अशा नावांनी विकली जाणारी गवते बहुधा झॉयशिया वंशातील असतात. नाव मेक्सिकोचे असले तरी हे घराणे मूळचे आशियाचे. ती दाट, मऊ व देखणी असतात आणि खारेपणाही बऱ्यापैकी सोसतात. त्यांचा दोष एवढाच की वाढ मंद असते. मांडवाच्या खांबांनी व खुर्च्यांच्या पायांनी पडलेली जखम भरून येण्यास त्यांना कित्येक महिने लागतात. शिवाय दाट थरात पाणी साचले तर ती कुजतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात अतिवृष्टीने दिवसेंदिवस पाणी साचून राहिले व रेल्वे वाहतूकही बंद पडली, हे आपल्या स्मरणात असेल. अशा सखल जागेत निचऱ्याचे चर काढल्याखेरीज ही महाग चादर अंथरणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. घरापुढील लहान, उंचवट्यावरील अंगणास मात्र हे गवत शोभते.

राहिली खाडीकाठची खारवट जमीन. अशा जागेसाठी पॅस्पलम व्हजायनेटम हे गवत जगभर वापरले जाते. ते उष्ण किनाऱ्यांवर खाजणांच्या काठी नैसर्गिकरीत्या वाढते, आणि क्षार सोसण्यात हिरवळीचे दुसरे गवत त्याची बरोबरी क्वचितच करते. २०२२ साली कतार देशात झालेल्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेची मैदाने याच जातीच्या गवताची होती. तथापि 'खारे पाणी चालते' याचा अर्थ 'गोडे पाणी लागतच नाही', असा नव्हे. मुळाशी साठलेले क्षार धुऊन जाण्यास गोडे पाणी व निचरा हवाच. आपल्याकडे ते काम पावसाळा फुकट करतो, फक्त पाणी बाहेर जाण्यास वाट ठेवावी. ओलसर जागेत हे गवत फार पसरते, म्हणून भातखाचराच्या बांधास वा खाजणास लागून ते लावू नये.

आणि एक जागा अशी आहे की जेथे कोणतेही हिरवळीचे गवत लावू नये. ती म्हणजे समुद्राची पुळण. तेथे मर्यादवेल व रावणाच्या मिशा या नावाचे काटेरी गवत निसर्गाने आधीच लावून ठेवले आहे. ती वाळू धरून ठेवतात, वाऱ्याचा मारा अडवितात, आणि एक घागरही पाणी मागत नाहीत. ती उपटून तेथे मऊ गवत अंथरणारा मनुष्य स्वतःच्या वाडीची भिंत स्वतःच पाडतो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना संवेदनशील क्षेत्रात घातले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

गवत ठरल्यावर लागवडीविषयी चार शब्द. गवताच्या गाठी असलेल्या कांड्या मृगाच्या पहिल्या सरींनंतर, अथवा पावसाचा जोर ओसरल्यावर, चार ते सहा इंच अंतराने लावाव्यात. आषाढातील मुसळधारेत त्या वाहून जातात. भरावासाठी तांबडी माती आणविताना तीत लव्हाळ्याच्या गाठी नाहीत ना, हे मूठभर माती चाळून स्वतः पाहावे. एकदा शिरलेला लव्हाळा गवत सोडून जात नाही. उन्हाळ्यात रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड पहाटे भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. कापणी फार खुजी करू नये. रेताड जमिनीत युरिया सढळ हाताने टाकू नये, कारण तो पाण्याबरोबर झिरपून त्याच विहिरीत उतरतो. स्नानाचे, साबण कमी असलेले पाणी गवतास खुशाल द्यावे. गोड्या पाण्याची तेवढीच बचत होते.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस माझी विनंती आहे. कोणी हिरवळीविषयी विचारावयास आला, तर त्यास गवताचे नाव लगेच सांगू नका. प्रथम त्याच्याबरोबर विहिरीवर जा. शेजाऱ्यांच्या विहिरी किती अंतरावर आहेत व त्यांवर कोणती पिके अवलंबून आहेत, हे विचारा. मे महिन्याचे पाणी तपासावयास लावा. मग ऊन मोजा आणि शेवटी गवताचे नाव घ्या. विहीर ज्याच्या जागेत आहे त्याची असली, तरी तिच्या तळाचे पाणी साऱ्या वाडीचे असते. एकाच्या हिरवळीपायी शेजाऱ्याची पानवेल सुकली, तर ती हिरवळ कितीही देखणी असो, तो शेतीचा तोटाच होय.