विश्लेषण : घर तापवण्याचे हरित पर्याय ब्रिटनमध्ये का अडले? एका गावाने मार्ग कसा काढला?

ब्रिटनमधील बहुतेक घरे आजही गॅसच्या बॉयलरवर उबदार राहतात. देशाच्या कर्ब उत्सर्जनातील सुमारे सातवा हिस्सा घरे तापवण्यातून येतो. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे बंधन कायद्याने घातले असल्याने हे बॉयलर बदलावेच लागतील. २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख हीट पंप बसवण्याचे लक्ष्य सरकारने जाहीर केले. अनुदानही दिले. तरीही घरमालक पुढे येण्यास कचरतात.

हीट पंप म्हणजे काय?

फ्रिज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. हीट पंप याच तत्त्वाने बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता खेचून घरात आणतो. घरात इंधन जळत नाही. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

मग घरमालक मागे का?

पहिली अडचण पैशांची. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२२ पासून ५ हजार पौंड अनुदान मिळू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते साडेसात हजार पौंड झाले. तरी अनेकांना पदरचे काही हजार पौंड घालावे लागतात. शिवाय तिथे विजेचे युनिट गॅसच्या सुमारे चौपट महाग असल्याने मासिक बचतीची खात्री नसते.

दुसरी अडचण वेळेची. बॉयलर बहुधा ऐन थंडीत बंद पडतो. नवा गॅस बॉयलर एक-दोन दिवसांत बसतो. हीट पंपासाठी मात्र घराची पाहणी, गरम पाण्याच्या टाकीला जागा आणि कधी मोठे रेडिएटर लागतात. कुडकुडणारे कुटुंब अशा वेळी जुनाच मार्ग धरते.

स्वॉफम प्रायरने काय केले?

केंब्रिजशायरमधील सुमारे ३०० घरांच्या या गावात गॅसची पाइपलाइन नाही. बहुतेक घरे टँकरने येणाऱ्या तेलावर तापत. तेलाचा भाव चढला की प्रत्येक घराचे गणित कोलमडे. गावकऱ्यांच्या सामुदायिक भूमी ट्रस्टने यावर सामूहिक उपाय शोधला आणि केंब्रिजशायर काउंटी कौन्सिलला सोबत घेतले.

गावाबाहेर शंभरहून अधिक बोअर सुमारे २०० मीटर खोल घेण्यात आले. तिथल्या ऊर्जा केंद्रातील मोठे हीट पंप पाणी तापवतात आणि ते भूमिगत नळांतून गावात फिरते. पाणी पुरेसे गरम असल्याने जुने रेडिएटर बदलावे लागत नाहीत. २०२२ मध्ये पहिली घरे जोडली गेली. जोडणी ऐच्छिक आहे. बॉयलर बिघडण्याची वाट न पाहता, शेजाऱ्यांशी बोलून, शंका विचारून निर्णय घ्यायला लोकांना अवधी मिळाला.

व्हिटबीमध्ये उलटे का घडले?

चेशायरमधील एल्स्मियर पोर्टजवळच्या व्हिटबीत सुमारे २ हजार घरांना गॅसऐवजी हायड्रोजन पुरवण्याचा प्रयोग ठरला होता. तंत्रज्ञान वेगळे असले, तरी प्रश्न घराघरांतील उष्णतेचाच होता. इथे योजना आधी ठरली आणि रहिवाशांना नंतर सांगितली गेली. सुरक्षितता, खर्च आणि नकाराचा अधिकार यांवर लोकांनी प्रश्न उभे केले. स्थानिक विरोध पाहून जुलै २०२३ मध्ये सरकारने व्हिटबीचे नाव वगळले. आपल्याकडे इमारतीच्या पुनर्विकासात सभासदांना अंधारात ठेवले की जे होते, तसेच हे झाले.

हाच नमुना सगळीकडे चालेल?

नाही. स्वॉफम प्रायरमध्ये तेल महाग होते, गावाबाहेर मोकळी जागा होती आणि कौन्सिलचे भांडवल मिळाले. गॅसची स्वस्त जोडणी असलेल्या शहरी वस्तीत हे गणित अवघड ठरते. भाडेकरूंच्या हाती तर बॉयलर बदलण्याचा निर्णयच नसतो. गावसभांनी विश्वास मिळतो, पण विजेचा दर कमी होत नाही. वीज आणि गॅस यांच्या दरांतील तफावत सरकारनेच कमी करायची आहे. ती कायम राहिली, तर शेजाऱ्याच्या शब्दावर हीट पंप बसवणारा घरमालक पहिल्याच हिवाळ्याचे बिल पाहून तो शब्द तपासेल, आणि मग त्याचा अनुभव ऐकून बाकीची गल्ली ठरवेल.