फोनला लेन्स लावली, पण रानपिंगळा ओळखता येईल का?

डिसेंबरात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या मावसभावाने एक फोटो टाकला. मित्रांसोबत तोरणमाळला गेला होता, सागाच्या उघड्या फांदीवर दिवसाढवळ्या बसलेलं घुबड दिसलं, फोनवर झूम केलं आणि खाली लिहिलं, ‘रानपिंगळा!!!’ मामांपासून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो मोठा करून बघितला आणि गप्प बसलो. पिसं इतकी गुळगुळीत होती की पक्ष्याला इस्त्री केल्यासारखं वाटत होतं.

नंतर त्याने वेगळा मेसेज केला, “दादा, नवीन फोनला ते टेलिफोटो एक्स्टेंडर घेऊ का? की पैसे साठवून कॅमेऱ्याची लेन्स घेऊ?” हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तर आहे, फक्त जरा लांब.

आधी त्या पक्ष्याबद्दल, कारण सगळा हिशोब त्याच्यावरच होणार आहे. रानपिंगळ्याची १८८४ नंतर खात्रीची नोंदच नव्हती. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना तो शहाद्याजवळ दिसला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, म्हणजे तेव्हा शहादा आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो सापडला. अडचण अशी की आपला नेहमीचा पिंगळा जवळपास तेवढाच असतो. फरक बारीक आहे: साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. हे ठिपके फार तर दोन-तीन मिलिमीटरचे. म्हणजे फोटोत पक्षी दिसणं पुरेसं नाही, ठिपके दिसले पाहिजेत. आणि ते खरे असले पाहिजेत.

आता बाजारातली गंमत. २०२५ च्या शेवटी दोन कंपन्यांनी भारतात फोनसोबत वेगळी लेन्स विकायला काढली. विवो एक्स३०० प्रोचा झाइस एक्स्टेंडर १८,९९९ रुपयांना आणि ओप्पो फाइंड एक्स९ प्रोचा हॅसलब्लाड टेलिकन्व्हर्टर २९,९९९ रुपयांना. दोन्ही फोन एक लाख नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवचे. विवोचा एक्स्टेंडर फोनच्या ८५ मिमी टेलिफोटोला २.३५ पट लांब करतो, म्हणजे २०० मिमी. ओप्पोचा ७० ला ३.२८ पट, म्हणजे २३०. विवोच्या नळीतून येणारं चित्र उलटं असतं, फोन ते सॉफ्टवेअरने सरळ करतो. फोनवर खास कव्हर चढवायचं, त्यावर रिंग बसवायची, मग लेन्स फिरवून लावायची. हे सगळं होईपर्यंत पक्षी थांबला तर नशीब.

पण ‘२००’ आणि ‘६००’ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे दोन विहिरींची फक्त खोली मोजण्यासारखं आहे. तोंड किती रुंद आहे तेही बघायला हवं. लेन्सची फोकल लांबी भागिले एफ-नंबर केलं की तिच्या बुबुळाचा व्यास मिळतो. ६०० मिमी एफ/६.३ ची लेन्स घ्या: ६०० भागिले ६.३, साधारण ९५ मिमी. फोनच्या टेलिफोटोची खरी फोकल लांबी २२ मिमीच्या आसपास असते (८५ हा फक्त ‘समतुल्य’ आकडा). त्याचा एफ-नंबर, एक्स्टेंडरची पट सगळं धरलं तरी बुबुळ येतं फार तर २० मिमीचं. क्षेत्रफळ काढा. त्याच घुबडाकडून मोठी लेन्स जवळपास २२ पट जास्त प्रकाश गोळा करते.

आणि नुसता प्रकाशच नाही. प्रकाश छोट्या छिद्रातून जाताना पसरतो, त्यामुळे बुबुळ जेवढं लहान तेवढा तपशील पुसट. ३० मीटरवरच्या फांदीचा हिशोब मी करून बघितला. २० मिमीच्या बुबुळाला साधारण १ मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी दाखवता येत नाही, काच कितीही भारी असली तरी. ९५ मिमीला ही मर्यादा ०.२ मिमीवर जाते. म्हणून फोनच्या २०० मेगापिक्सेल मोडला इथे फार अर्थ उरत नाही. त्या मोडमध्ये २३ सेंटीमीटरचा पिंगळा उंचीत सातशेच्या वर पिक्सेल भरतो, म्हणजे एका पिक्सेलला ०.३ मिमी. पण काचेतून एवढा बारीक तपशील आलेलाच नसतो. पातळ वरण मोठ्या भांड्यात ओतलं तर घट्ट होत नाही! २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमी लावली तर पिक्सेल साधारण तेवढेच, पण ते खरोखरच्या तपशिलाने भरलेले.

मग घ्या की ६०० मिमी! तर आता वजनाकडे येऊ.

निकॉनची झेड १८०-६०० एफ/५.६-६.३ (२०२३) ट्रायपॉड कॉलरशिवाय १९५५ ग्रॅम. सोनीची २००-६०० (२०१९) २११५ ग्रॅम. कॅननची आरएफ २००-८०० एफ/६.३-९ (२०२३) २०५० ग्रॅम, आणि ८०० ला तिचं बुबुळ ८९ मिमी. तिघींची अमेरिकेतली लाँचच्या वेळची किंमत १७०० ते २००० डॉलर. भारतात कर धरून जास्तच पडते आणि बॉडी वेगळी. ९०-९५ मिमीच्या काचेला दोन किलो वजन आणि साधारण १८०० डॉलर, असा हा बाजाराचा ‘रेट’ झालाय म्हणा ना.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. एक, पैसे देऊन वजन कमी करणं. निकॉनची झेड ६०० एफ/६.३, बुबुळ तेच ९५ मिमी, वजन कॉलरसकट १४७० ग्रॅम, किंमत साधारण ४८०० डॉलर. म्हणजे अर्धा-पाऊण किलो उतरवायला तीन हजार डॉलर, आणि वर झूमही गेला. मला हा सौदा पटत नाही, पण ज्यांची पाठ दुखते त्यांना पटतो. दुसरा रस्ता, काच लहान करणं. कॅननची आरएफ ६०० एफ/११ (२०२०) फक्त ९३० ग्रॅम, ७०० डॉलर, बुबुळ ५५ मिमी. एफ/११ ऐकून लोक नाक मुरडतात. लंडनच्या ढगाळ दुपारी मीही मुरडलं असतं. पण खानदेशात जानेवारीत सकाळी नऊचं ऊन म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे! रानपिंगळा दिवसा हालचाल करणारा, पानगळ झालेल्या सागावर उघड्यावर बसणारा पक्षी आहे. तिथे एफ/११ चालते. ३० मीटरवर तिची मर्यादा ०.४ मिमीच्या आत आहे, ठिपके सहज दिसतात.

फक्त तिला झूम नाही. मी मागच्या हिवाळ्यात मित्राची ६०० घेऊन नकाणे तलावावर गेलो होतो. या लेन्सला ३० मीटरवर १.८ मीटर रुंदीचंच दृश्य मावतं. राखी बगळा उडाला आणि पंख पसरले की तो तेवढाच रुंद. एकूण ४१ फोटो, पूर्ण बगळा दोनात. बाकीच्यांत चोच आहे तर पाय नाहीत. म्हणून बगळे, बदकं, मोर असं सगळंच काढणाऱ्याला मी कॅननची १००-५०० (१३७० ग्रॅम, पण २७०० डॉलर) किंवा वरच्या तीन झूमपैकी एक सांगेन. त्या दिवशी एक काका सायकल थांबवून म्हणाले, “काय देखी ऱ्हायना भाऊ?” मी लेन्स हातात दिली. त्यांनी डोळ्याला लावण्याआधी तोलून बघितली. लेन्सचा याहून बरा रिव्ह्यू मी वाचलेला नाही.

आणि हो, मार्च उजाडला की साडेनऊ-दहानंतर घरीच बसा. तापलेल्या जमिनीवरची हवा हलायला लागली की तेरा हजार डॉलरची ६०० एफ/४ सुद्धा मऊ फोटो देते.

परत मावसभावाच्या फोटोकडे. तो एक्स्टेंडरने काढलेला नव्हता, नुसता डिजिटल झूम होता. आजकाल बरेच फोन लांबच्या झूमला तपशील ‘शोधत’ नाहीत, ‘भरतात’. गूगलने पिक्सेल १० प्रोमध्ये ३० पटांच्या पुढे जनरेटिव्ह एआय वापरतो असं उघड सांगितलं आणि मूळ फोटोही सोबत जपून ठेवला, हे बरं केलं. सगळेच एवढं सांगत नाहीत. मॉडेलने हजारो घुबडं बघितलेली असतात, त्यातली बहुतेक साधी. माथा धूसर असेल तर ते ठिपके काढून देईल किंवा पुसून टाकेल, दोन्ही शक्य आहे. आणि रानपिंगळ्याच्या बाबतीत हे एकदा माणसानेच केलंय. रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी खोटी चिठ्ठी लावली होती. शोधणारे त्यामुळे भलत्या जागी शोधत राहिले. रासमुसेन यांनी ती लबाडी पकडली, जुने खरे नमुने कुठून आले ते तपासलं, आणि मग त्या शहाद्याला पोचल्या.

तर मी त्याला लिहिलं: एक्स्टेंडर लग्नात, क्रिकेटच्या मैदानावर, चंद्रासाठी, दहा मीटरवरच्या पक्ष्यासाठी छान आहे. दहा मीटरवर तोही ०.३ मिमी दाखवतो. फोन आधीच तुझ्याकडे असेल तर १९ हजार ठीक, एक्स्टेंडरसाठी म्हणून सव्वा लाख घालू नको. रानपिंगळ्याच्या मागे लागायचं असेल तर जुनी बॉडी आणि ६०० एफ/११ सेकंडहँड बघ, किंवा आधी दोन दिवस झूम भाड्याने आण आणि खांद्यावर घेऊन तोरणमाळ चढून बघ. जवळ बोलवायला फोनवर त्याचा आवाज मात्र वाजवू नको, घरट्याच्या दिवसांत तर अजिबात नाही.

त्याचं उत्तर आलं, “म्हणजे तो रानपिंगळा नव्हता?”

मी मूळ फाइल मागितली आहे. फोनने ती ठेवली असेल तर माथा बघून सांगतो.