पेट्रोलची गळती उद्यावर ढकलू नका

शेतकरी बंधूंनो, बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावतो. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला की आपले कान टवकारतात. मात्र जी मोटारसायकल पहाटे डेअरीला दूध नेते, दुपारी युरियाची गोणी आणते आणि रात्री पाण्याच्या पाळीला मळ्यात पोहोचवते, तिच्याखाली पेट्रोलचा थेंब दिसला तर आपण म्हणतो, "थोडंसं गळतंय, बघू सवडीनं." ती सवड काही येत नाही. गळती मात्र थांबत नाही.

जुनी गाडी वापरण्यात कमीपणा नाही. सीडी हंड्रेड १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली आली. या जातीच्या पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या आजही बांधाबांधाने फिरताना दिसतात. कर्ज काढून नवी घेण्यापेक्षा जुनी नीट राखणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण राखायची म्हणजे नांगर, पंप, फवारणी यंत्र राखतो तशी राखायची. ती शेतीचेच अवजार आहे.

नुकसान किती, धोका किती?

आधी पैशाचा हिशेब करू. दिवसाला ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कप पेट्रोल गळाले, तर महिन्याला दीड लिटर आणि वर्षाला अठरा लिटर होते. लिटरचा भाव शंभराच्या वर आहे. म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ दोन हजार रुपये मातीत गेले, तेही बहुतेक वेळा एका किरकोळ वायसरपायी!

धोका त्याहून मोठा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. आपण गाडी लावतो कुठे? गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा पडवीत चुलीजवळ. तिथे एक बिडी, एक काडी किंवा बटणाची एक ठिणगी पुरते. जनावरे दाव्याला बांधलेली असतात, त्यांना पळताही येत नाही. म्हणून गळकी गाडी दुरुस्त होईपर्यंत उघड्यावर, गंजीपासून लांब लावा. कधी पेट घेतलाच तर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. माती किंवा वाळू टाका, आणि आग आवाक्याबाहेर गेली तर गाडीचा मोह सोडून लांब व्हा.

गळती कशी शोधावी?

इंजिन गार झाल्यावर गाडी मोकळ्या जागेत मधल्या स्टँडवर उभी करा. उजेडाला बॅटरी घ्या, काडी ओढू नका. टाकीचा तळ, कॉक, नळी आणि कार्बोरेटर कोरड्या फडक्याने पुसून काढा. ओल खाली दिसत असली तरी गळती वर असते, म्हणून वरून खाली बघत या.

पहिल्यांदा कॉक बंद करून दहा मिनिटे थांबा. तरीही थेंब आला, तर दोष टाकीत किंवा कॉकच्या सांध्यात आहे. कॉकचे वायसर झिजते, रबरी रिंग कडक होते. दोन्ही बदलता येतात. कॉक बंद केल्यावर गळती थांबली आणि उघडल्यावर पुन्हा सुरू झाली, तर नळी किंवा कार्बोरेटर बघा. नळी दोन्ही टोकांना चिरते. बोटात दाबून पाहा, भेगा दिसतील. तिथे फवारणी पंपाची किंवा लेव्हलची पारदर्शक नळी लावू नका. ती पेट्रोलने कडक होऊन तडकते. पेट्रोलसाठीची रबरी नळी योग्य मापाची घ्या आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा.

कार्बोरेटरमध्ये पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखी व्यवस्था असते. आतला फ्लोट वर आला की नीडल पेट्रोलची वाट बंद करते. नीडलखाली कचरा अडकला, तिचे टोक झिजले किंवा फ्लोटला भोक पडले, की पेट्रोल भरून ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर येते. कचराच असेल तर खालच्या वाटीचा स्क्रू सैल करून साचलेले पेट्रोल बाटलीत काढले, की बरेचदा काम भागते. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळले तर तो बदला. वाटीच्या सांध्यातून पाझरत असेल तर गॅसकेट बदला, स्क्रू बळेच आवळू नका, आटे जातील. नीडल निकामी होऊन कॉक रात्रभर उघडा राहिला, तर काही गाड्यांत पेट्रोल इंजिनच्या ऑईलमध्ये उतरते. ऑईलला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू न करता ऑईल बदला.

टाकीला साबण आणि वेल्डिंग

टाकी पाझरली की साबण घासणे हा आपल्याकडचा जुना उपाय. घरी पोहोचण्यापुरता तो ठीक, पण ती दुरुस्ती नव्हे. त्याहून मोठी चूक म्हणजे टाकी रिकामी करून थेट वेल्डिंगच्या दुकानात नेणे. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि स्फोट वाफेचा होतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक! हे काम वाफ पूर्ण काढून टाकण्याची रीत जाणणाऱ्या कारागिरालाच द्या, नाहीतर टाकी बदला.

इथेनॉल आपलेच, पण...

२०२३ सालापासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ सालापर्यंत ते देशभर पोहोचले. हे इथेनॉल आपल्या उसापासून आणि मक्यापासूनही बनते, त्यामुळे त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु जुन्या गाडीची नळी, वायसर, गॅसकेट या मिश्रणाचा विचार करून बनवलेली नव्हती. ती फुगू किंवा चिरू शकतात. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवते. पाणी जास्त झाले की ते टाकीच्या तळाशी वेगळे होते, गाडी अडखळते आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून जुन्या गाडीचे रबरी भाग एकदा सगळे बदलून घ्या. टाकीच्या झाकणाचे रबर तपासा. गाडी धुताना पंपाचा फवारा झाकणावर आणि एअर फिल्टरवर मारू नका. कायम पन्नास रुपयांचे पेट्रोल टाकून रिझर्व्हवर चालवू नका, तळाचा गाळ कार्बोरेटरात ओढला जातो. हे सांगणारी एक पाटी पेट्रोल पंपावर आणि एक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवी होती. नवीन गोष्ट आणताना जुन्या गाडीवाल्याला विचारात घेतले नाही, ही माझी तक्रार आहे.

वेळापत्रक पेरणीसारखे पाळा

गाडी लावली की कॉक बंद. आठवड्याला टायरची हवा, ऑईलची पातळी आणि ब्रेक. चेन आठवड्याला पुसून तेल द्या, चिखलातून आणली की त्याच दिवशी. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर साफ करा. ऑईल कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला बदला, काळे होण्याची वाट पाहू नका. गोणी वाहणाऱ्या गाडीचे ऑईल आणखी आधी बदललेले बरे. ज्यांची गाडी पंधरा वर्षांची झाली, त्यांनी नोंदणीचे नूतनीकरण, विमा आणि पीयूसी यांकडेही लक्ष द्यावे.

आता गावच्या कारभाऱ्यांना एक सूचना. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांत कार्बोरेटर जवळजवळ गेला, त्या जागी इंजेक्शन आले. कार्बोरेटर खोलणारे हात हळूहळू कमी होणार. तेव्हा मे महिन्यात, खरिपाच्या आधी, ग्रामपंचायतीने चावडीसमोर एक दिवस गाडी तपासणी ठेवावी. गावचा फिटर आणि जवळच्या आयटीआयची मुले बोलवावीत. वायसर आणि नळ्या आधीच आणून ठेवाव्यात. गावात काम करणारे आम्ही कर्मचारीही अशाच गाड्यांवर फिरतो. आम्हीही रांगेत उभे राहू.

बियाणे पेरायच्या आधी आपण उगवण तपासतो, कारण पेरल्यावर तपासून उपयोग नसतो. गाडीचेही तसेच आहे. आज संध्याकाळी गाडी लावताना एक वर्तमानपत्र खाली अंथरा आणि कॉक उघडा ठेवून दहा मिनिटे बघा. कागद कोरडा राहिला तर कॉक बंद करून निर्धास्त झोपा. ओला झाला तर उद्या सकाळी दुधाच्या आधी पाना हातात घ्या.