कापताना आपोआप, देताना अर्ज

तुम्ही विमानाचं तिकीट रद्द केलंत, तर कंपनी तुमच्याकडे अर्ज करत नाही. ‘आम्हाला कॅन्सलेशन चार्ज कापायचा आहे, कृपया पुरावे तपासून मंजुरी द्यावी,’ असा ईमेल तुम्हाला कधी आलाय? बटण दाबायच्या आधीच किती कापणार आणि किती परत देणार, ते स्क्रीनवर असतं. बॅग दोन किलो जास्त भरली तरी काउंटरवर लगेच कार्डाचं मशीन पुढे येतं.

पण फ्लाइट कंपनीने रद्द केली की सगळा कारभार एकदम तालुका कचेरीसारखा होतो. फॉर्म भरा, पीएनआर द्या, मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा, वाट बघा. आठवड्याने उत्तर येतं: ‘ऑपरेशनल कारणांमुळे.’ विषय संपला.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात एखादं बटण चार स्क्रीन आत दडलेलं असेल, तर ते तिथे कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं. भरपाईचा अर्ज हा तसला प्रकार आहे. दहातले नऊ जण कंटाळून नाद सोडतील, या भरवशावरच तो उभा आहे.

नियम नाहीत असं नाही. डीजीसीएचे नियम 2010 पासून आहेत, पुढे त्यात सुधारणाही झाल्या. फ्लाइट रद्द होणार असेल तर किमान दोन आठवडे आधी कळवायचं. ते जमलं नाही तर निदान 24 तास आधी कळवून दुसरी फ्लाइट किंवा रिफंड द्यायचा. तेही केलं नाही तर भरपाई: एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000. किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क. दोन्हींतलं जे कमी असेल ते. म्हणजे स्वस्तात तिकीट मिळवलेल्याची तारांबळही स्वस्तच धरलेली आहे.

आणखी एक मेख बघा. बुकिंग करताना संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई नाही. गावाकडच्या आईवडिलांचं तिकीट एजंट काढतो, नंबर स्वतःचा टाकतो. मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि आईवडील एअरपोर्टवर पोचल्यावर बोर्ड बघतात.

उशिराचं तर विचारूच नका. या नियमांत उशिरासाठी रोख भरपाई नाही. ठरावीक तासांनी खाणंपिणं, सहा तासांपुढे दुसरी फ्लाइट किंवा रिफंड, आणि 24 तासांपुढच्या किंवा रात्रीच्या लांबलेल्या उशिराला हॉटेल. उशीर मग हप्त्याहप्त्याने जाहीर होतो. चाळीस मिनिटं, अजून चाळीस मिनिटं. आपण गेटजवळ सँडविच खात बसून राहतो.

युरोपात 2004 च्या नियमाखाली आणि तिथल्या न्यायालयाच्या 2009 च्या निकालानंतर तीन तास उशिरालाही रोख भरपाई मिळते. तो नियम युरोपातून उडणाऱ्या प्रत्येक कंपनीला लागू आहे. त्यामुळे कंपनीच्याच चुकीने तिचं विमान फ्रँकफर्टहून मुंबईला चार तासांहून जास्त उशिरा पोचलं तर प्रवासी 600 युरो मागू शकतो, मग ती कंपनी भारतीय का असेना. हीच भारतीय कंपनी मुंबईहून फ्रँकफर्टला तितक्याच उशिरा पोचली, तर या नियमाने एक सेंटही नाही.

‘अहो, धुक्याला कंपनी काय करणार?’ काही नाही. धुकं, पूर, दंगल यासाठी नियमांत सूट आहे आणि ती असायलाच हवी. पण कारण खरं की बनावट, हे आधी ठरवणार कोण? स्वतः कंपनी. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोच्या हजारो फ्लाइट रद्द झाल्या, 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त. तेव्हा मुख्य अडचण आभाळात नव्हती. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. देशभर बोंब झाल्यावर नियमातल्या भरपाईशिवाय जास्त त्रास झालेल्यांना 10,000 रुपयांची व्हाउचर जाहीर झाली. तीही त्याच कंपनीच्या पुढच्या प्रवासासाठी! आणि एखाद्या मंगळवारी एकच फ्लाइट रद्द होते, तेव्हा बोंब कोण मारणार?

आपोआप भरपाई देणं शक्य नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याला यूपीआय दाखवा. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं: पैसे अडकले आणि ठरल्या मुदतीत परत आले नाहीत, तर दिवसाला 100 रुपये ग्राहकाच्या खात्यात टाका. ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता, स्वतःहून. विमान कंपनीकडे तर तुमचं नाव, नंबर, भाडं, ठरलेली वेळ, खरी वेळ, सगळं आहे. पैसे भरलेत त्या कार्डावर रिफंडही तिथूनच येतो. तांत्रिकदृष्ट्या ही एका स्प्रिंटची गोष्ट आहे. अडलंय ते हेतूपाशी.

याने तिकिटं महागतील, असंही म्हणतात. महागतील थोडी, कदाचित. पण आज उशिराची किंमत कुणीच भरत नाही असं थोडंच आहे? हुकलेला इंटरव्ह्यू, बुडालेलं हॉटेल बुकिंग, कापलेली रजा हे बिल आपणच भरतो. ते कंपनीच्या ताळेबंदात गेलं, तरच वेळापत्रक खरं लिहिलं जाईल.

म्हणून मागणी दोन ओळींची आहे. रद्द आणि उशीर दोन्हींची भरपाई सात दिवसांत, न मागता, खात्यात. सूट हवी असेल तर अर्ज कंपनीने डीजीसीएकडे करावा, पुराव्यासकट.

तोवर मागत राहा. व्हाउचरला लगेच हो म्हणू नका, मेसेज डिलीट करू नका, रद्द होण्याचं कारण लेखी मागा. एअरसेवावर तक्रार टाका. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे: दोन वर्षांची मुदत, तुमच्या राहत्या जिल्ह्यात, ऑनलाइन, वकिलाशिवाय, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. 5,000 रुपयांसाठी एवढी कटकट कशाला, असं मनात येईल. नेमकं तेच तुमच्या मनात यावं, यासाठी तो फॉर्म तसा बनवलाय.