करवीरच्या नागरिकांस रेल्वेमार्गाविषयी जाहीर आवाहन

करवीर नगरीतील आणि हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांतील बंधुभगिनींनो,

मिरजेहून कोल्हापूरकडे येणारा लोहमार्ग करवीर संस्थानाने स्वतःच्या खजिन्यातून बांधविला. १८८८ साली बाल शाहू महाराजांच्या हस्ते त्याच्या कामाचा मुहूर्त झाला आणि १८९१ साली तो वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे अशी स्थानके मागे टाकीत आणि वाटेत पंचगंगा ओलांडीत तो आपल्या शहरात येतो व येथेच संपतो. पुढे वाट नसल्यामुळे गाडी आपल्याकडे येते ती थांबण्यासाठीच. आणि त्यामुळे, रेल्वे म्हणजे सावकाश येणारी, दुरून धडधडत येणारी, आली तरी आपल्याला बाजूला होण्यापुरती सवड देणारी एक ओळखीची गोष्ट आहे, अशी समजूत तीन-चार पिढ्यांच्या मनात खोल रुजली आहे. रेल्वेमार्गावरील सुरक्षिततेविषयी शाळांतून, तालमींतून आणि गावच्या चावडीसमोर बोलत फिरणाऱ्या आम्हां स्वयंसेवकांना जी एक गोष्ट आपणांपुढे मांडावयाची आहे ती हीच की, ही समजूत आता प्राणघातक झाली आहे.

मार्ग तोच असला तरी त्यावरून जाणारी गाडी ती राहिलेली नाही. १९७१ साली मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले, एवढा पालट पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांना आठवत किंवा निदान ऐकून तरी ठाऊक असेल. परंतु त्यानंतरचा, म्हणजे अलीकडील विद्युतीकरणाचा पालट त्याहून मोठा असूनही आपल्या अंगवळणी अजून पडलेला नाही. डिझेलचे इंजिन पुष्कळ अंतरावरून आपली वर्दी देत असे आणि रुळांकाठी राहणारी माणसे, घड्याळ न पाहता, केवळ कानांच्या भरवशावर रूळ ओलांडीत. विजेचे इंजिन त्या मानाने निःशब्द येते. सप्टेंबर २०२४ पासून पुण्याहून वंदे भारत गाडीही आपल्याकडे येऊ लागली आहे. ज्या कानांनी आजवर आपले रक्षण केले, त्यांच्यावर यापुढे विसंबून राहू नये, हे विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींना आम्ही हात जोडून सांगू इच्छितो.

वेगाची कल्पना डोळ्यांना येत नाही, ही दुसरी अडचण आहे. सरळ आपल्या रोखाने येणारी प्रचंड वस्तू असते त्याहून दूर आणि असते त्याहून मंद भासते. म्हणून शाळेत गेल्यावर आम्ही कोल्हापूरच्या मुलांना समजेल असेच माप देतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर अंतर तोडते. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने पाहायला तुम्ही जाता, त्या मैदानाच्या एका गोलपोस्टपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ती चार सेकंदांच्या आत संपविते. मग एखाद्या मुलाला वर्गात पुढे बोलावून, खडूने आखलेल्या दोन रुळांमधून पाठीवर दप्तर घेऊन चालावयास सांगतो, आणि बाकीचे मोठ्याने सेकंद मोजतात. मध्येच त्याची चप्पल निसटली असे समजून तो वाकतो, तेवढ्यात वर्गातील आकडे कोठवर गेले हे त्याला स्वतःलाच ऐकू येते. याहून अधिक उपदेश आम्ही करीत नाही. त्याच गाडीला आणीबाणीचा ब्रेक लावला तरी पुरती उभी राहण्यास तिला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकते आणि मोटारीप्रमाणे बाजूला वळण्याची सोय तिला नाही. तेव्हा चालकाने आपल्याला पाहिले म्हणजे आपण वाचलो, असा अर्थ कोणीही करून घेऊ नये. इंग्लंडात १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा उद्घाटनसमारंभ चालू असताना विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे प्रतिष्ठित सभासद गाडीतून रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळांवरून येणाऱ्या इंजिनाखाली सापडून गतप्राण झाले. रेल्वेच्या युगाच्या पहिल्याच दिवसाचा हा धडा आहे.

आपल्या शहराची रचनाच अशी की रेल्वेमार्गाच्या एका अंगाला शाहूपुरी व स्टेशन रस्ता आणि दुसऱ्या अंगाला राजारामपुरी. परीख पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचले, वाहनांची कोंडी झाली, की कचेरीला निघालेला मनुष्य, शिकवणीला निघालेली मुलगी, भाजीची पाटी घेतलेली बाई सरळ रुळांवरची वाट धरते. त्यांना बेजबाबदार म्हणणे आम्हांस मान्य नाही, कारण वळसा त्यांच्या पायांना पडतो. तथापि हा वळसा वाचविण्यासाठी जे पणाला लागते त्याचा हिशेब मात्र करावयास हवा. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वये रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली रेल्वेच्या सुरक्षिततेविषयी जो अहवाल दिला, त्यात अशा रीतीने रुळांवर दरसाल सुमारे १५,००० माणसे प्राणांस मुकतात आणि त्यांतील सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असे नमूद करून सुसंस्कृत समाजाला हे साजत नाही असे कठोर शब्दांत बजावले होते. आमचे रेल्वे प्रशासनास व महानगरपालिकेसही तितक्याच कळकळीचे सांगणे आहे की, जेथे रुळांच्या दोन्ही बाजूंना दाट वस्ती आहे तेथे पादचारी पूल अथवा कोरडा राहणारा भुयारी मार्ग देण्याची तजवीज सत्वर व्हावी. नागरिकांनी त्यासाठी अर्ज करावेत, सह्या गोळा कराव्यात, पाठपुरावा करावा. मागणी मान्य होईपर्यंतचा काळ रुळांवरून चालून काढू नये, इतकेच.

आता फाटकांविषयी. बंद फाटकापाशी असलेला गेटमन आपल्याला अडवण्यासाठी बसला आहे, असा ज्यांचा ग्रह असेल त्यांनी त्याचे काम एकवार जवळून पाहावे. स्टेशनमास्तरचा फोन आला की तो गाडीची वर्दी वहीत टिपतो, फाटक उतरवतो, कुलूपबंद करतो; आणि जेथे फाटक सिग्नलशी जोडलेले असते तेथे ते पूर्ण बंद झाल्याखेरीज गाडीचा सिग्नल उतरूच शकत नाही. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अर्धवट उतरलेल्या दांडीखालून पुढे दामटला, की फाटक अडते, सिग्नल अडतो, गाडी बाहेर खोळंबते आणि मागच्या वाहनांची रांग वाढते. म्हणजे ज्याने घाई केली त्यानेच सर्वांचा वेळ नाहक घेतलेला असतो. बंद फाटक तोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद कायद्यात आहे. पण समजा, कसूर कोणाचीही नसताना ट्रॉलीचा हूक तुटला आणि ती रुळांवर अडकली, तर काय करावे? प्रथम सगळी माणसे उतरवून रुळांपासून दूर न्यावीत, तत्क्षणी गेटमनला सांगावे आणि पुढे तो सांगेल तसे करावे. गाडी थांबविण्यासाठी लाल निशाण, लाल दिवा व रुळांवर ठेवावयाचे फटाके ही साधने त्याच्यापाशी असतात. ट्रॅक्टर कर्जाचा असतो, ऊस वर्षाच्या कष्टाचा असतो, हे आम्ही जाणतो. तरीही ते वाचविण्यासाठी कोणी रुळांवर थांबू नये. साखर कारखान्यांच्या संचालकांना आमची विनंती आहे की, गळीत हंगामापूर्वी वाहनमालकांशी करार होतात त्याच वेळी एवढी सूचना प्रत्येक चालकाला, त्याच्या भाषेत, तोंडी द्यावी. बीड-नगरकडून आलेल्या तोडणी कामगारांची मुले फडाजवळच्या रुळांकाठी खेळतात, त्यांच्याकडेही लक्ष असावे.

याहून नवा आणि म्हणून अधिक भयंकर धोका डोक्यावर आहे. रुळांवरील तारेतून २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो. घरातील विजेचा दाब २३० व्होल्टचा असतो, एवढ्यावरून तुलना करावी. या तारेला स्पर्श करण्याचीही आवश्यकता नसते; दोन मीटरांच्या आत गेलेल्या देहाकडे वा वस्तूकडे ती वीज झेप घेऊ शकते. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास सातारा, सांगली व आपल्या जिल्ह्यातील गावांहून जोतिबाच्या डोंगराकडे सासनकाठ्या निघतात. तीस फुटांहून उंच वेळू, त्याला बांधलेली रंगीत वस्त्रे, चारी बाजूंनी ताणलेले दोर, गुलालाने माखलेले खांदे आणि हलगीचा ठेका, हे आपल्या मुलुखाचे वैभव आहे. पण तार जमिनीपासून जेमतेम साडेपाच मीटरांवर, म्हणजे अठरा फुटांच्या आसपास असते, आणि घामाने व पावसाने ओला झालेला वेळू वीज अडवीत नाही. ज्या काठीच्या वाटेत रेल्वेचे फाटक येते तिच्या मानकऱ्यांनी फाटकाच्या पुष्कळ अलीकडेच थांबावे, काठी पूर्ण आडवी करावी, गेटमनची अनुमती घ्यावी आणि पलीकडे गेल्यावरच ती पुन्हा उभी करावी. देवाच्या काठीचा मान यात उणा होत नाही, असे गावच्या गुरवांनी व जाणत्या मंडळींनी तरुणांना समजावून सांगितले तर त्याचे वजन आमच्या शंभर भाषणांहून अधिक पडेल. शाहूपुरी आणि बापट कँप येथील कुंभारवाड्यांतून उंच गणेशमूर्ती गावोगावी नेणाऱ्या मंडळांनीही मूर्ती ठरविण्यापूर्वीच वाटेतील फाटकांची उंची पाहून घ्यावी. उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून छायाचित्र काढण्याच्या हौसेविषयी तर आईबापांनी घरी एकदा स्पष्ट बोलावे.

गाडीत बसल्यावरची खबरदारी दोन प्रसंगांवरून ध्यानात येईल. २७ जुलै २०१९ रोजी आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. सर्वत्र पाणी, आत लेकरेबाळे आणि गरोदर स्त्रिया, अशा स्थितीत गाडीतून उतरू नका असे रेल्वेने कळविले. प्रवासी थांबले, आणि बचाव दलांनी सुमारे १,०५० जणांना सुखरूप बाहेर काढले. याउलट २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्यानजीक पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, घाबरलेले लोक शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली दहाहून अधिक जीव गेले. आग नव्हतीच. म्हणून वाटेत गाडी थांबली तर रेल्वेच्या कर्मचाऱ्याच्या सांगण्यावाचून उतरू नये, १३९ या क्रमांकावर विचारावे, आणि प्रत्यक्ष संकट दिसून उतरणे भागच पडले तर ज्या बाजूला दुसरे रूळ नाहीत त्या बाजूनेच उतरावे.

या कामास माणसे हवी आहेत. निवृत्त रेल्वे कर्मचारी, शिक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, तालीम मंडळांचे कार्यकर्ते आणि बचत गटांतील भगिनी यांनी आपापल्या गावाजवळच्या स्थानकावरील स्टेशनमास्तरांकडे नाव द्यावे. महिन्यातील एक सकाळ पुरेशी आहे. शाळांच्या मुख्याध्यापकांनी परिपाठातील पंधरा मिनिटे आम्हांस द्यावीत. ग्रामपंचायतींनी गळीत हंगामापूर्वीच्या आणि चैत्र यात्रेपूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि त्या सभेस आपल्या फाटकावरील गेटमनला सन्मानाने बोलावून त्याचे म्हणणे प्रथम ऐकावे.