घरपट्टी निम्मी झाली तर?



परवा वर्गात घरपट्टीच्या पावतीवरचे रकाने वाचत होतो. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी... एक जण उठला, "बाई, सगळं निम्मं केलं तर लोक खूश होतील की!" मला एकदम कॅलिफोर्निया आठवलं.

अमेरिकेतल्या या राज्यात १९७०च्या दशकात घरांच्या किमती भराभर वाढल्या. कर किमतीवरच ठरायचा, म्हणून तोही वाढला. पेन्शनीत जगणारे आजी-आजोबा घाबरले. घर तेच, पेन्शन तेवढीच, कर भरायचा कुठून? तक्रार काही खोटी नव्हती हं! हॉवर्ड जार्विस या गृहस्थांनी पुढाकार घेतला आणि जून १९७८ मध्ये लोकांनीच मतदानाने कायदा केला. कर किमतीच्या साधारण एक टक्का. आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही.

या कराचं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं. राज्य सरकारने शिलकीतून मदत केली, तरी शाळांचे उन्हाळी वर्ग बंद पडले (इथे आमच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या!), वाचनालयांचे तास कमी झाले. कायदा अजून आहे. म्हणून शेजारच्या दोन सारख्या घरांत जुन्या मालकाला कर थोडा, नव्याला कितीतरी जास्त.

"पण बाई, आजीचं घर तर वाचलं ना?"

वाचलं. मग वाचनालयाचं काय, यावर मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत वर्गात भांडण चाललं होतं.