टनाचा हिशेब आणि तासांचा हिशेब

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मजुरीचा प्रश्न निघाला की साखर कारखानदारीच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. तो असा की, ब्राझीलमधील तोडकरी एका दिवसात दहा-बारा टन ऊस तोडत असे, तर शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर या तालुक्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारे जोडपे दोघे मिळून दोन टनांच्या आसपास थांबते. उत्पादकताच कमी असल्यावर मजुरी कमी मिळाली, तर त्यात अन्याय तो कोणता? त्याला जोडूनच असेही सांगितले जाते की, मापावर ठरलेल्या कामाला तासांचे बंधन नसते आणि हंगामापूर्वीच कामगाराच्या हाती लाखभर रुपयांची उचल पडते, जी बालाघाटाच्या कोरडवाहू माळावर त्याला दुसरे कोणी देणार नाही. हा पूर्वपक्ष आकड्यांमुळे वजनदार वाटतो; परंतु त्यातील मूळ आकडाच तुलनेला चालणारा नाही.

ब्राझीलचा टन आणि बीडच्या कामगाराचा टन ही दोन वेगळी कामे आहेत. साओ पावलो प्रांतात हाताने तोड होत असे तेव्हा फड आधी पेटवून देत; पाचट जळून गेल्यावर तोडकऱ्याने उघडे पडलेले ऊस बुडख्याशी तोडायचे, शेंडा उडवायचा आणि ओळीत टाकायचे, एवढे झाले की पुढची भरणी यंत्र करीत असे. महाराष्ट्रात ऊस हिरवा तोडतात. बुडखा जमिनीलगत छाटणे, पाचट सोलणे, वाढे वेगळे करणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवणे आणि गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठून भरणे, हे सारे त्याच एका टनाच्या दरात येते. शिवाय ब्राझीलचा तो विक्रमी आकडाही नैसर्गिक क्षमतेचा नव्हे. 1980 च्या दशकात तेथील सरासरी सुमारे सहा टन होती. मापावरील मजुरीच्या रेट्याने ती पुढे दुपटीवर गेली आणि 2004 नंतरच्या काही वर्षांत फडातच कोसळून मेलेल्या तोडकऱ्यांची नोंद स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या चर्चच्या संघटनेला ठेवावी लागली. ज्या आकड्याने तेथे माणसे मारली, तो आकडा येथे आदर्श म्हणून मिरवला जावा, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

कामगारांच्या कैवाऱ्यांची उलट बाजूची तुलनाही फारशी टिकत नाही. ब्राझीलच्या मजुरीचे डॉलरमध्ये आणि डॉलरचे रुपयांत रूपांतर करून ‘तेथे इतके मिळतात’ असे सांगताना, त्या पैशात तेथे किती धान्य आणि किती घरभाडे भागते, हे सोडून दिले जाते; कारखान्याच्या लेखापालाला अशी मांडणी खोडून काढायला दोन मिनिटे पुरतात.

तुलना करायचीच तर ती दरडोई आणि दर तासाची करावी लागेल. कारखाने आणि कामगार संघटना यांच्यातील जानेवारी 2024 मधील करारात 34 टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनामागे सुमारे 366 रुपये झाला. दोन टनांचे 732 रुपये होतात; ते दोघांत वाटले, पहाटे चारला सुरू होणारा दिवस भरणीसह बारा तासांचा धरला, तर एका माणसाच्या एका तासाला तीस रुपयांच्या आसपास पडतात. लाखाच्या उचलीचेही असेच आहे. ती फेडायला 273 टन, म्हणजे एकही खाडा न करता 137 दिवस तोड हवी. आणि 2024-25 चा हंगाम तर 15 नोव्हेंबरला सुरू होऊन बहुतेक कारखान्यांत मार्चमध्येच आटोपला. उरलेली बाकी मुकादमाच्या वहीत पुढच्या वर्षावर जाते. कामगार उचल स्वखुशीने घेतो, असे म्हणतात; ती ‘स्वखुशी’ हीच.

खरा फरक मात्र दरापेक्षा नोंदीत आहे. येथे मजुरीचे एकक माणूस नसून ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी आहे. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर, आणि बाईचे बारा तास कोणत्याच कागदावर नाहीत. खाडा झाला की दिवसाच्या मजुरीहून जास्त रक्कम कापली जाते, म्हणून पाळी, बाळंतपण, आजार यांना हंगामात जागा उरत नाही. 2019 च्या शासकीय चौकशीत बीडमधील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या संख्येकडे पाहूनही कामाच्या तासांचा प्रश्न गौण मानणाऱ्यांशी वाद घालणे कठीण आहे.

ब्राझीलमध्ये मे 1984 मध्ये ग्वारिबा येथील तोडकऱ्यांनी पाच ओळींऐवजी सात ओळी तोडण्याच्या सक्तीविरुद्ध संप केला. 1988 च्या तेथील राज्यघटनेने दिवसाला आठ आणि आठवड्याला 44 तासांची मर्यादा, जादा तासांना किमान दीडपट मोबदला आणि मापावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाची हमी दिली. पुढे फड जाळण्यावर बंदी आणि यंत्रे आल्याने हाताची तोड जवळजवळ संपली, हे खरे. पण ‘मापाच्या कामाला तास नसतात’ हे तत्त्व तेथील घटनेने आधीच नाकारले होते.

भारतातही ते नाकारलेले आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या कलम 17 मध्ये, मापावर काम करणाऱ्याला वेळेवर ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, असे म्हटले होते. आणि 1982 मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवरील काम घटनेच्या कलम 23 खालील वेठबिगार ठरवले. त्यामुळे पुढच्या दरकराराच्या वेळी टनामागे किती रुपये वाढवायचे एवढ्यावरच घासाघीस न करता, प्रत्येक स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद, तिच्या-त्याच्या नावावर मजुरी आणि भरणीसह तासांची हजेरी या तीन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. उसाची गाडी काट्यावर किलोपर्यंत मोजणाऱ्या कारखान्याला माणसाचे तास मोजता येत नाहीत, हे म्हणणे स्वीकारण्याजोगे नाही.